दोन मिनिटांचा दाखला

दरवर्षी संक्रांत उलटली की आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यात एक वेगळाच अभ्यागत येऊ लागतो. त्याला आजार काहीच नसतो. त्याच्या हाती हिमालयातील पदभ्रमणाचा छापील अर्ज असतो आणि त्यावर आपली सही हवी असते. आपण रक्तदाब पाहतो, छाती तपासतो आणि शिक्का मारतो. ही सही आपण फार स्वस्त केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हा आरोप मी प्रथम स्वतःवरच ठेवतो.

मार्च २०१९ मध्ये आम्ही इंदूरचे आठजण उत्तराखंडातील केदारकंठा शिखरावर गेलो. पायथ्याचे सांकरी गाव सुमारे १,९५० मीटरवर, तर शिखर सुमारे ३,८०० मीटरवर आहे. हिवाळा सरला म्हणजे वाट सोपी झाली, हा आमचा समज खोटा ठरला. वसंतारंभी ती वाट दिवसातून अनेक रूपे घेते. पहाटे गोठलेल्या बर्फावरून पाऊल निसटते. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होऊन गुडघ्यापर्यंत पाय आत जातो. आणि खाली रानात वितळलेल्या पाण्याचा चिखल बुटांत शिरतो. उन्हामुळे थंडी फारशी जाणवत नाही, मात्र माणूस सतत ओला राहतो.

उतरताना आमचे एक चौपन्न वर्षांचे स्नेही मागे पडू लागले. प्रथम त्यांची थट्टा झाली. मग त्यांची जीभ जड झाली, बोटांना जाकिटाची चेन लावता येईना, आणि अंगाचे कापरेही मंदावले. तापमान शून्याच्या वर होते. पण त्यांची सुती विजार चिंब भिजली होती, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. कोरडे कपडे, उबदार पांघरूण आणि गोड गरम पेय यांनी ते दोन तासांत सावरले. त्यांचा दाखला माझाच होता; दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, उभ्याउभ्या दिलेला. ते बीटा-ब्लॉकर घेत होते, आणि ते औषधही मीच लिहून दिले होते.

काही व्यवसायबंधू म्हणतात, ही केवळ औपचारिकता आहे. पुढची जबाबदारी आयोजकांची. मला हे पटत नाही. आयोजक आपल्या सहीवर विसंबतो, आणि जाणारा तर त्याहून अधिक. विश्रांतीतला रक्तदाब चढणीबद्दल फारच थोडे सांगतो. रोज किती चालता, कोणती औषधे घेता, हे विचारायलाच हवे. इन्सुलिन गोठले की निरुपयोगी होते. बर्फावर गडद चष्मा नसेल तर डोळे दुखावतात. सुती कपडे नकोत. उंचीवर डोके दुखून मळमळू लागले तर वर जायचे नाही, आणि त्रास वाढला तर तत्काळ खाली उतरायचे. असेटाझोलामाइड देण्यापूर्वी सल्फा औषधांची ॲलर्जी विचारावी, आणि ही गोळी म्हणजे घाईने चढण्याचा परवाना नव्हे, हेही बजावावे.

गेल्या वर्षी तेच स्नेही पुन्हा अर्ज घेऊन आले. या वेळी मी त्यांना बसवून घेतले. आमचे बोलणे वीस मिनिटे चालले. औषध बदलले, चालण्याचा सराव ठरवून दिला, आणि सही महिनाभराने केली.

आपल्या मंडळाने अशा तपासणीचा एक पानी नमुना तयार करून सर्व सभासदांना द्यावा, अशी माझी विनंती आहे. पर्वतावर जाणाऱ्याला अडवणे हे आपले काम नव्हे. त्याला सज्ज करून पाठवणे हे आहे.