शेततळ्याचे पाणी तापले की कोळंबीचा श्वास कोंडतो

उन्हाळा वाढला की आपण माणसांची, जनावरांची आणि फळबागांची काळजी करतो. पाण्यातल्या जिवाला उन्हाचा काय त्रास, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तापलेल्या पाण्यातून बाहेर पडायला त्याला वाटच नसते.

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि मराठवाड्यात शेततळ्यांची संख्या वाढली. परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या भागात शेततळे म्हणजे आधी बागेचे पाणी आणि मग जमल्यास मासळीचे जोडउत्पन्न. रोहू, कटला यांच्याबरोबर गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचा, म्हणजे आपल्याकडच्या झिंग्याचा, विचार शेतकरी करतात. भाव चांगला मिळतो. पण या जिवाला पाणी साधारण २८ ते ३१ अंश सेल्सिअसचे लागते. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उथळ तळ्यात ही मर्यादा सहज मोडते.

अडचण दुहेरी आहे. कोळंबी शीतरक्ती असल्याने पाणी तापले की तिच्या शरीराचे व्यवहार वेगाने चालतात. तापमान दहा अंशांनी वाढले की प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. उलट, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना सुमारे ७. म्हणजे मागणी दुप्पट होते आणि पुरवठा सहाव्या हिश्श्याने घटतो. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे टंचाई सर्वांत तीव्र असते. कोळंबी तळाशी राहते आणि नेमका तिथेच प्राणवायू सर्वांत कमी असतो.

दुसरा धोका अमोनियाचा. उरलेले खाद्य आणि विष्ठा यांपासून तो तयार होतो. पाण्याचा सामू ८ असेल, तर एकूण अमोनियातील विषारी भाग २५ अंशांना सुमारे साडेपाच टक्के असतो. ३० अंशांना तो साडेसात टक्क्यांवर जातो. अशा ताणात कात टाकलेली, मऊ कवचाची कोळंबी आधी दगावते.

कोकणातील खाजणांत होणाऱ्या व्हेनामी कोळंबीलाही हेच नियम लागू आहेत. मात्र उष्णतेने प्रत्येक रोग बळावतो असे नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू ३२ अंशांच्या वर मंदावतो. व्हिब्रिओ गटातील जिवाणूंना मात्र ऊब मानवते. मर दिसली की प्रतिजैविके ओतण्याचा मोह होतो, तो टाळावा. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांच्या वापरावर बंदी आहे आणि त्यांचे अवशेष शेवटी खाणाऱ्याच्या ताटात येतात.

आपल्याकडे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण एप्रिल-मेमध्ये मोसंबी जगवायला तळ्यातूनच पाणी उपसावे लागते. पातळी खाली गेली की उरलेले पाणी लवकर तापते. त्यात अवकाळी पाऊस पडला, तर वरचे आणि तळाचे पाणी एकदम मिसळते, तळाचा गाळ ढवळतो आणि रात्रीतून मर होऊ शकते.

म्हणून इथे वेळापत्रकच महत्त्वाचे. जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडून मार्चअखेर माल काढणे सुरक्षित. हिवाळ्यात पाणी २० अंशांखाली गेले की वाढ मंदावते, हेही हिशेबात धरावे. बीज विरळ सोडावे, किमान दीड मीटर पाणी राखावे, पहाटे प्राणवायू मोजावा, तो लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागला तर खाद्य थांबवून एरेटर चालवावा. रात्री विजेची खात्री नसेल, तर उन्हाळ्यात कोळंबी ठेवूच नये. बाग आणि कोळंबी यांपैकी एकालाच पाणी पुरणार असेल, तर तो निर्णय मे महिन्यात नव्हे, बीज विकत घेण्याआधी करायचा असतो.