चोर सोडून संन्याशाला...

ब्रिटनमध्ये लोकांचा सरकारवरचा विश्वास उडत चालला आहे, असं गेली काही वर्षं सारखं वाचायला मिळतं. २०२४ साली तिथल्या एका जुन्या, नावाजलेल्या पाहणीत १०० पैकी ४५ जणांनी सांगितलं, की कुठल्याही पक्षाचं सरकार असो, ते पक्षाच्या आधी देशाचं हित पाहील यावर आमचा जवळजवळ कधीच विश्वास बसत नाही. यावर आपल्याकडच्या मंडळींची प्रतिक्रिया ठरलेली. एक गट म्हणतो, "बघा, साहेबाचीही काय दशा झाली!" दुसरा गट, म्हणजे बहुतेक माझ्याच वयाचे लोक, म्हणतात, "काहीही म्हणा, न्याय म्हणजे इंग्रजांचाच."

मला दोन्ही पटत नाहीत. का, ते सांगण्यासाठी आज विलायतेतल्या पोस्टाची गोष्ट सांगतो.

विश्वास उडाल्याचं खापर सहसा पुढाऱ्यांवर फोडलं जातं, आणि तेही काही खोटं नाही. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत कॅमेरून, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि स्टार्मर असे सहा पंतप्रधान त्या देशाने पाहिले. लॉकडाउनचे नियम लोकांवर लादायचे आणि स्वतःच्या घरी पार्ट्या होऊ द्यायच्या, यासाठी २०२२ मध्ये जॉन्सनना पोलिसांचा दंड भरावा लागला. पण मला विचाराल तर पुढारी खोटं बोलतो हे लोकांनी गृहीतच धरलेलं असतं. त्याने माणूस चिडतो, पण मोडत नाही. मोडतो तो, ज्यावर डोळे मिटून विसंबला ते खोटं निघालं की. आणि ब्रिटनमधल्या सामान्य माणसाला पोस्टाइतकं विसंबण्यासारखं दुसरं काय होतं?

आधी थोडा खुलासा करतो. आपल्याकडे पोस्टमास्तर म्हणजे सरकारी नोकर. तिकडे गावोगावची बहुतेक पोस्ट ऑफिसं खासगी दुकानदार चालवतात. त्यांना सबपोस्टमास्तर म्हणतात. एका बाजूला किराणा, वर्तमानपत्रं, गोळ्या-बिस्किटं आणि दुसऱ्या बाजूला पोस्टाचं काउंटर. घरदार गहाण टाकून, साठवलेले पैसे घालून दुकान घ्यायचं आणि पोस्टाशी करार करायचा. यात आपल्याकडून तिकडे गेलेली कुटुंबंही बरीच आहेत. गावात या माणसाला मान असतो. म्हाताऱ्यांचं पेन्शन त्याच्या हातून जातं.

१९९९ पासून पोस्टाने या दुकानांत 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवायला सुरुवात केली. ती जपानच्या फुजित्सू कंपनीची. आणि मग ठिकठिकाणी हिशेबात तूट दिसू लागली. पेटीतले पैसे आणि पडद्यावरचा आकडा जुळेना. करारावर बोट ठेवून पोस्ट म्हणे, तूट तुमची, तुम्ही भरा. लोकांनी भरली. बचत मोडून, नातेवाइकांकडून उसने घेऊन, घरावर कर्ज काढून भरली. ज्यांना भरणं शक्य झालं नाही त्यांच्यावर चोरीचे, अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले.

एकेकाची कहाणी वाचताना सुन्न व्हायला होतं. हॅम्पशरमधल्या एका खेड्यातल्या जो हॅमिल्टन बाईंनी दोन हजार पौंडांची तूट दिसते म्हणून मदतकेंद्राला फोन केला. फोनवरून सांगतील तशी बटणं दाबत गेल्या आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! पुढे चोरीचा आरोप मागे घेतो, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, अशी तडजोड त्यांनी तुरुंगाच्या भीतीने स्वीकारली. वेल्समध्ये अँगलसी बेटावरचे नोएल थॉमस. आयुष्यभर टपालाचं काम केलेला हा माणूस २००६ मध्ये तुरुंगात गेला आणि त्याचा साठावा वाढदिवस कोठडीत झाला. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गर्भवती होत्या, आणि तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

आणि ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन. हिशेब जुळत नाही म्हणून त्यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा फोन केला. ९१ वेळा! मला सांगा, चोर कधी मालकाला ९१ वेळा फोन करून "माझा हिशेब जरा तपासा हो" म्हणतो का? शेवटी सुमारे २५ हजार पौंडांच्या तुटीसाठी पोस्टाने त्यांना दिवाणी कोर्टात खेचलं. २००७ मध्ये ते हरले आणि पोस्टाच्या वकिलांचा ३ लाख २१ हजार पौंडांचा खर्च त्यांच्या डोक्यावर बसला. दिवाळं निघालं.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर चोर नव्हताच. चोरीच झाली नव्हती. दोष यंत्रात होता.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढे दिवस हे चाललं कसं? एखाद्या हुकूमशहाच्या देशात नव्हे, कायद्याच्या राज्याचे धडे जगाला देणाऱ्या देशात?

पहिलं कारण, यंत्रावरची श्रद्धा. पूर्वी तिथे असा नियम होता, की संगणकाचा पुरावा द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. १९९९ च्या एका कायद्याने ती अट काढली. तेव्हापासून यंत्र बरोबरच आहे असं गृहीत धरायचं आणि ते चुकलं असेल तर कसं, हे आरोपीने दाखवायचं. आता खेड्यातल्या दुकानदाराने फुजित्सूच्या यंत्रातली चूक कशी दाखवायची? कागद सगळे पोस्टाकडे, जाणकार सगळे फुजित्सूकडे. दुकानदाराला न कळवता त्याच्या हिशेबात बाहेरून शिरता येतं, हेही पोस्ट वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. प्रत्यक्षात शिरता येत होतं.

दुसरं कारण, इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक खटले पोस्टाने स्वतःच चालवले. पैसे गेले म्हणणारे तेच, चौकशी करणारे तेच आणि फिर्यादीचे वकील नेमणारेही तेच. गावच्या पाटलाने आपल्याच शेतातल्या चोरीचा पंचनामा आपणच करावा, तशातली गत.

तिसरं कारण मला सगळ्यात भयंकर वाटतं. जो कोणी तक्रार करी त्याला सांगितलं जाई, "असं फक्त तुमच्याकडेच होतंय. बाकी कोणाची तक्रार नाही." अनेकांनी पुढे साक्षीत हे सांगितलं आहे. मी जन्मभर शाळेत शिकवलं. वर्गात दोन पोरांचं गणित चुकलं तर पोरांना जवळ बोलवावं. पण चाळीसातल्या तीस पोरांचं एकाच जागी चुकलं तर मास्तरांनी मागे वळून फळ्याकडे बघावं, गणित उतरवून देतानाच काही चुकलं असणार. हे साधं तारतम्य आहे. त्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही. पोस्टाने फळ्याकडे बघायचं नाकारलं आणि तीसच्या तीस पोरांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रत्येकाला सांगितलं, तू एकटाच ढ आहेस.

आणि चौथं कारण, संस्थेची अब्रू. २०१३ पर्यंत पोस्टाच्या वरच्या वर्तुळाला बऱ्याच गोष्टी कळल्या होत्या. ज्या तज्ज्ञाच्या साक्षीवर खटले उभे होते तो भरवशाचा नाही, असा लेखी सल्ला त्यांच्याच वकिलाने त्या वर्षी दिला. पोस्टानेच नेमलेल्या हिशेबतपासनिसांनीही यंत्रात दोष दाखवले. तरी जगापुढे एकच पालुपद, आमची प्रणाली भक्कम आहे. हे मान्य केलं तर लोकांचा पोस्टावरचा विश्वास जाईल, हा त्यामागचा विचार. म्हणजे विश्वास टिकवण्यासाठी खोटं बोलायचं!

इथेच माझं म्हणणं येतं. चुकीमुळे विश्वास जात नाही. संगणक चुकेल, माणूस चुकेल, हे कोणालाही समजतं. २००० साली पोस्टाने म्हटलं असतं, "यंत्रात घोळ दिसतो, थांबा, तपासतो," तर आज कोणाला होरायझनचं नावही आठवलं नसतं. विश्वास जातो तो ऐकून न घेतल्याने. आणि विश्वास हा काही एकतर्फी व्यवहार नव्हे. कॅसलटननी ९१ फोन केले, कारण त्यांचा पोस्टावर विश्वास होता. पोस्टाचा त्यांच्यावर नव्हता. लोकांचा संस्थांवरचा विश्वास का कमी झाला, याची पाहणी दरवर्षी होते. संस्थांचा लोकांवर किती विश्वास आहे, याची कोणी करतं का?

"पण शेवटी सत्य बाहेर आलंच ना? तिथे येतं तरी!" हा माझ्या वयाच्या मंडळींचा युक्तिवाद. आलं, पण कसं आलं ते बघा. वेल्समधल्या लँडुडनो इथल्या ॲलन बेट्स यांचा करार २००३ मध्ये रद्द झाला. या चिवट माणसाने आपल्यासारखेच आणखी कोणी असतील म्हणून शोध सुरू केला. २००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या साप्ताहिकाने सात जणांच्या हकिकती छापल्या, आणि त्याच वर्षी वॉरिकशरमधल्या एका खेड्याच्या सभागृहात ही माणसं प्रथम एकत्र बसली. फक्त माझ्याकडेच होतंय हे खोटं आहे, हे त्यांना तिथे कळलं. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, तेव्हा पोस्टाचा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे, अशा अर्थाचे शब्द वापरले. तडजोड ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची झाली. त्यातला मोठा वाटा खटल्याच्या खर्चात गेला आणि माणशी सरासरी वीस हजारांच्या आसपास उरले. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. त्यांत हॅमिल्टन, थॉमस, मिश्रा होते.

तरी बाकीचे शेकडो तसेच लोंबकळत होते. मग जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर बेट्स यांच्या लढ्यावर चार भागांची मालिका लागली. देश हळहळला, आणि मालिका सुरू होऊन दहा दिवस होतात न होतात तोच पंतप्रधानांनी सरसकट शिक्षा रद्द करण्याचा कायदा जाहीर केला. मे २०२४ मध्ये तो झालाही. वीस वर्षं अर्ज, कोर्ट, खासदार यांनी जे पुरतं झालं नाही, ते एका नाटकाने झालं. याला व्यवस्था चालते म्हणायचं का? बेट्स थकले असते तर? मालिका आलीच नसती तर?

आणि ज्यांच्यासाठी उशीर झाला त्यांचं काय? निवृत्त न्यायमूर्ती सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणापायी १३ जणांनी जीव दिला असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. तोवर एकाही अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला नव्हता. मुख्याधिकारी राहिलेल्या पॉला व्हेनेल्स यांना २०१९ मध्ये सन्मान मिळाला होता, तो २०२४ मध्ये काढून घेतला गेला. तोही दहा लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्यावर.

म्हणून "न्याय इंग्रजांचाच" हे मला पटत नाही. पण "सगळेच सारखे" हेही पटत नाही, आणि ते जास्त घातक आहे. न्यायमूर्ती बाजूला व्हावेत म्हणून पोस्टाने अर्ज केला, तरी फ्रेझर हटले नाहीत. सरकार ज्याचं त्याच पक्षाचे खासदार जेम्स आर्बथनॉट आपल्याच मंत्र्यांशी भांडत राहिले. साप्ताहिकाने छापलं. गावकरी वर्गणी काढून हॅमिल्टनबाईंच्या पाठीशी उभे राहिले. हेही त्याच देशातले. कोणावरच विश्वास नको म्हटलं की या माणसांत आणि त्या अधिकाऱ्यांत फरकच उरत नाही, आणि लबाडांना नेमकं तेच हवं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या पार्लमेंटमध्ये एक विधेयक मांडलं गेलं. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेतल्या ९७ मृतांच्या नातेवाइकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला होता. सरकारी संस्थांनी चौकशीत खरंच बोललं पाहिजे, लपवलं तर शिक्षा, असा त्याचा गाभा. खरं बोला यासाठी कायदा करावा लागतो ही शरमेची गोष्ट खरी, पण हवाच. त्याच्या जोडीला संगणक बरोबरच आहे हे गृहीतकही काढून टाकायला हवं. उद्या यंत्रं आणखी हुशार होणार, तेव्हा तर हवंच हवं. "सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय," हे वाक्य खिडकीपलीकडून आपणही हल्ली ऐकतोच की.

असो. बरंच लांबलं. विलायतेत असलेल्या आमच्या भाच्या-पुतण्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर तुमच्या गल्लीतल्या पोस्टात या विषयावर काय बोललं जातं, ते जरूर कळवा. काउंटरपलीकडच्या माणसाला विचारूनच कळवा.