संथ व्यायामाचे बळ

व्यायामाचे मोजमाप संख्येने करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. अमक्या पहिलवानाने रोज हजार जोर काढले, तमक्याने दोन हजार बैठका मारल्या, अशा गोष्टी तालमीतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. परंतु एक जोर काढावयास किती वेळ लावला, हे सहसा कोणी विचारले नाही. गेल्या चार दशकांत शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांना मिळालेले उत्तर पहिलवानांपेक्षा चाळिशी उलटलेल्या सामान्य माणसांना अधिक उपयोगी पडणारे आहे.

वयाची तिशी ओलांडली की स्नायूंचा आकार आणि शक्ती हळूहळू कमी होऊ लागते, आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. प्रथम ती ध्यानातही येत नाही. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो, भरलेली बादली दोनदा खाली ठेवावी लागते. आणि एक दिवस असा येतो की, स्नानगृहात जाण्यासाठीही दुसऱ्याचा हात धरावा लागतो. हे सारे वयाचे देणे आहे, असे मानून पुष्कळजण स्वस्थ बसतात. वस्तुतः ही घट बऱ्याच अंशी भरून काढता येते. अमेरिकेतील बोस्टन येथे एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा स्त्रीपुरुषांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. त्याचा वृत्तान्त १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या नऊजणांनी तो क्रम पुरा केला, त्यांच्या पायांची शक्ती अवघ्या आठ आठवड्यांत सरासरीने पावणेतीनपट झाली होती.

मात्र घरी बसलेल्या प्रौढ माणसाने जड वजने उचलावीत कशी? सांधे दुखावले, पाठीत उसण भरली, तर लाभापेक्षा हानीच अधिक. संथ गतीचा विचार येथे उपयोगी पडतो.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्द निश्चित करून घेऊ. वजन एकदा उचलून खाली आणणे याला आपण ‘आवर्तन’ म्हणू, आणि अशी काही आवर्तने लागोपाठ केली की त्यांची एक ‘फेरी’ झाली असे समजू.

आवर्तन घाईने केले म्हणजे वजनाला आरंभी एक हिसका बसतो आणि त्या हिसक्यानेच ते पुढची वाट चालते. स्नायूंना काम पडते ते आरंभीच्या क्षणापुरते, आणि त्याच क्षणी सांध्यावर सर्वाधिक ताण येतो. तेच वजन सावकाश उचलले तर हिसक्याचे साहाय्य मिळत नाही. आरंभापासून शेवटपर्यंत स्नायूंनाच ते पेलावे लागते. उतरवतानाही तसेच. भरलेली कळशी कमरेवरून अलगद खाली ठेवताना दंडाचे स्नायू लांबत जातात, तरी भार तोलून धरतात, हा अनुभव घरोघरी आहे. वजन एकदम सोडून दिले तर व्यायामाचा हा अर्धा भाग वाया जातो.

या विचाराला पद्धतीचे रूप दिले ते केन हचिन्स या अमेरिकन गृहस्थाने. १९८२ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात अस्थी ठिसूळ झालेल्या वयस्क स्त्रियांवर व्यायामाचा एक प्रयोग चालू होता. त्या स्त्रियांना इजा होऊ नये म्हणून हालचाली अतिशय मंद ठेवण्याची युक्ती त्याने काढली. पुढे त्यातून दहा सेकंद उचलण्याची आणि तितकाच किंवा त्याच्या निम्मा वेळ उतरवण्याची पद्धत रूढ झाली. तोपर्यंत यंत्रावरील व्यायामात दोन सेकंद उचलणे आणि चार सेकंद उतरवणे हे प्रमाण प्रचलित होते.

ही पद्धत खरोखरच अधिक गुणकारी आहे काय? २००१ मध्ये दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेन वेस्टकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४७ नवशिक्या स्त्रीपुरुषांवर प्रयोग केले. त्यांत संथ गतीच्या गटाची शक्तिवृद्धी सुमारे दीडपट आढळली. परंतु दोन्ही गटांची परीक्षा एकाच मापाने झाली नव्हती. संथ गटाची परीक्षा पाच आवर्तनांच्या वजनावर, तर दुसऱ्याची दहा आवर्तनांच्या वजनावर घेतली होती. दुसऱ्या प्रयोगात चौदा स्त्रियांनी दहा आठवडे व्यायाम केला. त्यात नेहमीच्या गतीच्या गटाची शक्ती ३९ टक्क्यांनी वाढली, तर अतिसंथ गटाची १५ टक्क्यांनीच. याचे एक कारण उघड आहे. दहा सेकंद लावावयाचे तर वजन पुष्कळ कमी करावे लागते. या प्रयोगात अतिसंथ गटाला आपल्या कमाल शक्तीच्या निम्मेच वजन होते, दुसऱ्या गटाला मात्र ८० टक्के.

म्हणजे संथपणालाही मर्यादा आहे. ती कोठे असावी, याचा चांगला बोध तोक्यो येथील तानिमोतो आणि इशिई या संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगातून होतो. त्यांनी चोवीस तरुणांचे तीन गट पाडून बारा आठवडे गुडघ्याचा व्यायाम दिला. पहिल्या गटाने कमाल शक्तीच्या निम्मे वजन तीन सेकंदांत उचलले, क्षणभर धरले, तीन सेकंदांत उतरवले, आणि मध्ये स्नायू सैल पडू दिला नाही. दुसऱ्याने ८० टक्के वजन नेहमीच्या गतीने उचलले. तिसऱ्याने निम्मे वजन नेहमीच्याच गतीने उचलले. पहिल्या आणि दुसऱ्या गटाचे स्नायू जवळजवळ सारखेच वाढले. तिसऱ्याच्या स्नायूंत मात्र लक्षणीय वाढ झाली नाही. सतत ताणलेल्या स्नायूत रक्ताचा ओघ मंदावतो, तो लवकर थकतो आणि हलक्या वजनालाही आपली राखीव शक्ती कामाला लावतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. २०१५ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. थकवा येईपर्यंत व्यायाम केल्यास एका आवर्तनाला अर्धा सेकंद लागो वा आठ सेकंद, स्नायूंची वाढ साधारण सारखीच होते, असे त्यात दिसले. दहा सेकंदांहून अधिक लांबवणे मात्र लाभदायक दिसत नाही.

तेव्हा संथपणा जड वजनाहून श्रेष्ठ ठरत नाही. हलक्या वजनातून जवळजवळ तितकेच काम काढून घेण्याचा तो मार्ग आहे. ज्यांच्याजवळ यंत्रे नाहीत, ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांना एवढे पुरेसे आहे.

घरी आरंभ करावयाचा तर भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यापुढे उभे राहून मनात चार अंक मोजत सावकाश खाली यावे, बैठकीला ओझरता स्पर्श होताच अंग सैल न सोडता तीन अंकांत उठावे. उठताना श्वास सोडावा. श्वास कोंडून धरल्याने रक्तदाब चढतो. आणखी एकदोनच आवर्तने निघतील असे वाटले की थांबावे, दोन मिनिटे विसावा घ्यावा आणि दुसरी फेरी करावी. हातांसाठी भिंतीला तळवे टेकवून त्याच गतीने जोर काढावेत. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो वजन. दंडांच्या व्यायामाला तीही चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यातून निदान दोन दिवस असा स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. हृदयविकार, उच्च रक्तदाब, अंतर्गळ असणाऱ्यांनी वा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी प्रथम वैद्यांचा सल्ला घ्यावा.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. पाय घसरला असता तोल सावरावयाचा तो क्षणार्धात. तेथे स्नायूंची चपळताही लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हालचालींत अडचण येणाऱ्या वयस्क स्त्रियांवरील प्रयोगात जलद आणि संथ या दोन्ही गटांची शक्ती सारखीच वाढली. झटकन जोर लावण्याची क्षमता मात्र जलद गटाची अधिक वाढली. म्हणून काही आठवड्यांच्या सरावाने पाय स्थिर झाले की, दोनपैकी एका दिवशी खाली येताना चार अंक कायम ठेवावेत, पण उठताना शक्य तितक्या चपळाईने उठावे. अर्थात जवळ कोणीतरी उभे असावे.

घरातील आजोबा-आजींना हा क्रम एकट्याने करावयास सांगू नये. नातवंडांनी शेजारी उभे राहून अंक मोजावेत आणि मोजताना घाई करू नये. दोन महिन्यांनी पाटावरून उठताना हात टेकावा लागतो की नाही, हे सर्वांनी मिळून पाहावे.