वेगळा कप

गिरणीत पाळ्या करता करता मला टीबी झाला. कात्रजला खोलीवर बैठक. खिडक्या बंद, पंधरा माणसं, भिंतीवर बाबासाहेब, आणि माझा चहा वेगळ्या कपात! कप ठेवणारे आपलेच.

मित्रांनो, हा कप मी ओळखतो. माझ्या आज्यानं गावच्या हाटेलात तो स्वतः विसळून उपडा ठेवलाय.

टीबी कपातून जात नाही. कॉखनं १८८२ सालीच जंतू दाखवला. खोकल्यासरशी तो हवेत उडतो, कोंदट खोलीत तरंगतो, दुसऱ्याच्या फुफ्फुसात शिरतो. खिडकी उघडायची सोडून तुम्ही कप बाजूला केलात!

पाण्याचं निराळं. जानेवारी २०२५ मध्ये शेजारी सिंहगड रोडला जीबीएसची साथ आली, संशय दूषित पाण्यावर. तिथं पाणी उकळा, नळात गटार कसं शिरतं याचा जाब विचारा. १९२७ साली महाडच्या तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' करणाऱ्यांना विटाळ तेवढा कळत होता, जंतू नाही. आणि तुम्हाला रे?

आता थुंकी निगेटिव्ह आलीय, गोळ्या चालूच आहेत. पुढची बैठक माझ्याच खोलीवर. कप चारच आहेत. खिडकी उघडी ठेवतो.