पोराची फी आणि कापसाचा हंगाम



सीईटीचा निकाल लागला की कापसाच्या गावांतून एकच प्रश्न निघतो. पोराचा नंबर मुंबईला लागला, आता पाठवायचे कसे?

अंधेरीला भारतीय विद्या भवनाच्या एकाच आवारात इंजिनीअरिंगची दोन कॉलेजे आहेत. सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग १९६२ सालचे, सरकारी अनुदान मिळणारे. शेजारचे सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी विनाअनुदानित. पोरगा कोणत्या दारातून आत गेला यावर बापाला चार वर्षांत किती क्विंटल कापूस जास्तीचा विकावा लागणार हे ठरते. पवईच्या आयआयटीचा हिशेब आणखी वेगळा. तिथे २०१६ साली वर्षाची शिक्षण फी ९० हजारांवरून २ लाख झाली. पण अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना ती पूर्ण माफ, ५ लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ.

इतर कॉलेजांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर निम्मी शिक्षण फी सरकार भरते. मुलींना २०२४-२५ पासून ती पूर्ण माफ आहे. मुलगी हुशार असूनही तालुक्याच्या कॉलेजात अडकवून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

फीचे असे काहीतरी जमते. पोरगा मोडतो तो राहण्या-खाण्यापाशी. सरकारचाच आकडा घ्या. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबईसाठी वर्षाला ६० हजार धरले आहेत: जेवणाला ३२ हजार, राहण्याला २० हजार, किरकोळ खर्चाला ८ हजार. म्हणजे जेवणाला दिवसाला ८८ रुपये आणि खोलीला महिन्याला साडेसोळाशे. या पैशात घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत एक कॉट मिळवून दाखवा! म्हणून पोरे कल्याण-विरारच्या पलीकडे राहतात आणि दिवसाचे तीन-चार तास लोकलच्या दांड्याला लटकून अभ्यास करतात.

शेतकऱ्यांच्या पोरांसाठी जी योजना आहे तिला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव दिले आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा माणूस, १९५२ ते १९६२ देशाचा शेतीमंत्री. योजना निघाली तेव्हा मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला ३० हजार, म्हणजे स्वाधारच्या निम्मे ठरले. पुढे रक्कम वाढली. पण मोठी रक्कम अल्पभूधारकाच्या पोराला, आणि अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरच्या आतला. खरी मेख इथे आहे.

पाच एकर बारमाही पाण्याची जमीन असलेला अल्पभूधारक ठरतो. सहा एकर मुरमाड जिरायतीवर पऱ्हाटी आणि ज्वारी घेणारा मोठा शेतकरी ठरतो. दोघांचे खळे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. सरकारला हा फरक कळत नाही असे नाही. सिलिंगचा कायदा काढा. त्यात १९७५ पासून बारमाही बागायतीला १८ एकरांची आणि जिरायतीला ५४ एकरांची मर्यादा आहे. एक एकर बागायत म्हणजे तीन एकर जिरायत, हे सरकारनेच कायद्यात लिहून ठेवले आहे. जमीन काढून घेताना जे गणित येते ते भत्ता देताना विसरले जाते. त्याच गणिताने कोरडवाहूसाठी अल्पभूधारकाची मर्यादा १५ एकर व्हायला हवी.

दुसरी अडचण वेळेची. प्रवेशाच्या फेऱ्या आषाढ-श्रावणात. घरातला पैसा तेव्हा बी-बियाण्यात आणि खतात मातीखाली गेलेला असतो. पहिली वेचणी दसऱ्या-दिवाळीला. शिष्यवृत्ती तर महाडीबीटीच्या चाळणीतून कधी पडेल तेव्हा पडेल. मधल्या सहा-आठ महिन्यांत सावकार असतो. सवलतीची अर्धी फी प्रवेशावेळी मागू नये असे शासनाने कॉलेजांना बजावले आहे. मागितली तर लेखी मागा म्हणावे. बँकेतही ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. सात-बारावर पीककर्जाचा बोजा आहे म्हणून मॅनेजरने हात झटकले तर हे त्याला ऐकवा.

भीक नको, हवे घामाचे दाम, असे म्हणणाऱ्यांनी शिष्यवृत्ती का मागावी, असे काही कार्यकर्ते विचारतात. प्रश्न योग्य आहे. १९७२ पासून तीस वर्षे एकाधिकार खरेदीच्या नावाखाली आपला कापूस राज्याबाहेर नेता येत नव्हता. बाहेर भाव असताना आपण सरकारी केंद्रावर गाड्या घेऊन रात्री काढल्या. शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणत. जे असे नेले त्यातला चिमूटभर भाग पोराच्या जेवणापोटी परत येत असेल तर ती भीक कशी? रास्त भाव मिळेल त्या दिवशी या योजना खुशाल बंद कराव्यात. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये. म्हणजे पोराच्या ६० हजारांसाठी आठ क्विंटल कापूस, आणि तोही वेचणी, फवारणी, खत काही न धरता. कोरडवाहूत ती दोन एकरांची कमाई झाली.

जिल्हा बैठकीत या वेळी कोरडवाहूच्या १५ एकरांचा ठराव मांडायचा आहे. प्रत्येक तालुक्याने मुंबईत शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींची यादी आणावी: कॉलेज कोणते, अर्ज कधी भरला, हप्ता कुठे अडकला. उत्पन्नाचे, रहिवासाचे आणि अल्पभूधारकाचे दाखले उन्हाळ्यातच तहसीलमधून काढून ठेवावेत. पेरणी लागली की तलाठी सापडत नाही, आणि आपल्यालाही सवड नसते.