केगमधली बिअर बाटलीत भरताना घाई नको

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. आठवडेच्या आठवडे निगुतीने सांभाळलेली बिअर बाटलीत भरताना उरकाउरकी करू नका. केगच्या नळाखाली धरलेल्या ग्लासात जी चव लागते, ती मित्राच्या घरी किंवा परीक्षकाच्या टेबलावर बऱ्याचदा पोहोचत नाही. भरताना आत शिरलेला ऑक्सिजन बिअर शिळी करतो, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तिथल्या स्पर्धांच्या नेहमीच्या गुणपत्रिकेत ५० पैकी ३२ गुण वास आणि चवीचेच असतात.

महागडं यंत्र हवंच असं नाही. पिकनिक टॅपच्या तोंडात घट्ट बसणारी, बाटलीच्या तळापर्यंत पोहोचणारी कडक नळी पुरते. बाटल्या, झाकणं, नळी सगळं जंतुनाशकातून काढा. केगइतक्याच बाटल्याही गार करा. कोमट काचेला लागताच बिअर फेसाळते आणि गॅस उडून जातो. थोडा गॅस तरीही जातोच, म्हणून केगमध्ये तो आधीपासून किंचित जास्त ठेवा.

भरायच्या वेळी गॅसची नळी बंद करून केगमधला दाब सोडा आणि २ ते ४ पीएसआयवर आणा. बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर घालवा. मग तळापासून सावकाश भरा. फेस तोंडापर्यंत आला की नळी काढा आणि त्या फेसावरच लगेच झाकण दाबा. फेस खाली बसायची वाट पाहिलीत, तर त्याची जागा हवा घेते.

स्पर्धेसाठी सहसा ३५५ मिलीची, लेबल नसलेली तपकिरी बाटली लागते. तरी नियम वाचूनच भरा. पांढऱ्या-हिरव्या काचेतून उजेड शिरतो आणि बिअरला उग्र दर्प येतो. अमेरिकेचं सरकारी टपाल खातं दारू स्वीकारत नाही, त्यामुळे जमेल तिथे बाटल्या स्वतः नेऊन द्या.

मित्रांना देताना भरल्याची तारीख लिहा आणि बाटली फ्रिजमध्येच ठेवायला सांगा. आंबणं अर्धवट राहिलेली बिअर कधीही बंद करू नका, बाटली फुटून इजा होते.

सुट्टीत गावी आलात की मात्र हा छंद तिकडेच ठेवून या. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे.