सर्व्हर नव्हे, सेल तपासा

जांबोटीला पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. आली की झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू होतो आणि काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. त्या तारखेच्या हिशेबाने वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर साइट उघडत नाही. उताऱ्यासाठी कणकुंबीहून आलेल्या माणसाला मग ऐकावं लागतं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ त्याचा दिवस बुडतो. सर्व्हर मात्र ठणठणीत असतो.

दोष असतो मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या बटण सेलमध्ये. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लायमधून घड्याळाला थोडी वीज मिळत राहते आणि सेल जवळपास खर्च होत नाही. शहरातल्या ऑफिसात तो वर्षानुवर्षं टिकतो तो यामुळे. आपल्याकडे लाईट तासन्‌तास जाते, विजा कडाडल्या की आपण प्लगही काढतो (काढायलाच हवा), आणि तेवढा वेळ सगळा भार सेलवर पडतो. दुरुस्तीवाल्याने आधी सेल बदलून बघावा. तसं न करता ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणून गिऱ्हाइकाकडून शेकडो रुपये घेणं मला सरळ अन्याय वाटतो.

‘इंटरनेट आहे, वेळ आपोआप जुळेल’ यावरही विसंबू नका. घरगुती विंडोजमध्ये फरक पंधरा तासांहून जास्त असला, तर वेळ जुळवणारी सेवा सहसा तो दुरुस्तच करत नाही. आधी तारीख हाताने बरोबर करा, मग ‘सिंक नाऊ’ दाबा.

दिवसाला सेकंद-दोन सेकंदांचा फरक पडत असेल तर काळजी नको. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाची चूक तेवढी असतेच, आणि ती इंटरनेटवरून भरून निघते. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर सेलला हात लावू नका. टाइम झोन चुकलेला असतो, नाहीतर एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतात.

सेल बदलताना प्लग काढा, आणि नंतर बायोसमधल्या सेटिंग एकदा बघून घ्या. जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर तो काही तासांत अन्ननलिका जाळतो. तसं झालं तर वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या.